ल्युटेशियमचा डोस साठवून का ठेवता येत नाही? ट्रॉम्बेच्या अणुभट्टीपासून रुग्णाच्या शिरेपर्यंत

नाशिकहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "बाबांना स्वादुपिंडाचा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर आहे. ल्युटेशियम-डोटाटेटची पहिली सायकल झाली. दुसरीची तारीख दहा दिवस पुढे गेली, कारण काय तर 'रिअ‍ॅक्टरकडून माल आला नाही.' एवढं महत्त्वाचं औषध हॉस्पिटल साठवून का ठेवत नाही? उशिरामुळे गाठी वाढतील का? नातेवाईक म्हणतात परदेशी ल्युटेशियम मागवा, ते चांगलं असतं. शिवाय घरात तीन वर्षांचा नातू आहे, अणुभट्टीतलं औषध घेतलेल्या माणसाजवळ त्याला जाऊ द्यायचं का?"

मी रेडिओफार्मसीत काम करतो, म्हणजे अणुभट्टीतून आलेल्या कच्च्या द्रावणाचं इंजेक्शन होईपर्यंतचा टप्पा माझ्याकडे असतो. त्यामुळे उत्तर जरा लांब होईल, पण तुमच्या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे आणि ती नीट समजावी असं मला मनापासून वाटतं.

आधी काळजीचं. ल्युटेशियमच्या दोन सायकलींमधलं ठरलेलं अंतर साधारण आठ आठवड्यांचं असतं. रक्तपेशी किंवा मूत्रपिंडं सावरायला वेळ लागतोय असं दिसलं, तर हे अंतर सोळा आठवड्यांपर्यंत वाढवायची मुभा उपचाराच्या मूळ वेळापत्रकातच आहे. ज्या ट्यूमरना ही थेरपी देतात ते बहुतेक संथपणे वाढणारे असतात. दहा दिवसांनी उपचाराची घडी विस्कटत नाही. एक गोष्ट मात्र आजच करा. बाबांना दर महिन्याचं ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडचं इंजेक्शन चालू असेल, तर नव्या तारखेप्रमाणे ते कधी घ्यायचं हे डॉक्टरांना विचारून घ्या. ल्युटेशियमच्या आधीचे चार आठवडे ते लांब पल्ल्याचं इंजेक्शन टाळतात, कारण ते आणि आमचं औषध ट्यूमरच्या पेशीवरच्या त्याच रिसेप्टरला, म्हणजे औषध पकडणाऱ्या जागेला, जाऊन चिकटतं. तारीख पुढे गेली आणि मधल्या काळात सवयीने महिन्याचं इंजेक्शन घेतलं, की पुन्हा तारीख पुढे जाते. असं झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. मधल्या दिवसांत जुलाब, चेहरा लाल होणं असा त्रास झाला तर कमी वेळ टिकणारं ऑक्ट्रिओटाइड असतं, ते आदल्या दिवसापर्यंत चालतं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडांचे) रिपोर्टही जुने झाले असतील, ते पुन्हा करून ठेवा.

आता साठवण्याबद्दल. औषधातल्या किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ चं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ, ६.६५ दिवस आहे. म्हणजे बाटलीला कुणी हात लावला नाही तरी रोज सुमारे दहा टक्के किरणोत्सार कमी होत जातो. बाबांना बुधवारी दुपारी २०० मिलिक्युरी (हे किरणोत्साराचं एकक) द्यायचे असतील, तर सोमवारी दुपारी निघताना बाटलीत जवळपास २४६ मिलिक्युरी असावे लागतात. तीच बाटली पुढच्या सोमवारपर्यंत कपाटात ठेवली तर उरतात ११९. फ्रीज, व्हॅक्यूम, जाड शिशाचं भांडं, कशानेही हा वेग बदलत नाही. बर्फाची लादी निदान गोणपाटात गुंडाळून थोडी वाचवता तरी येते, इथे तीही सोय नाही.

बरं, मग साठवून दुप्पट द्रावण वापरलं तर? तेही जमत नाही, आणि यात खरी मेख आहे. ट्रॉम्बेहून येणाऱ्या २०० मिलिक्युरीच्या डोसमध्ये एकूण ल्युटेशियम धातू असतो दहा मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. त्यातले किरणोत्सारी अणू थोडे, बाकीचे साधे. साधे अणूही डोटाटेटच्या, म्हणजे ल्युटेशियमला ट्यूमरपर्यंत नेणाऱ्या, रेणूत जाऊन बसतात आणि जागा अडवतात. दिवस जातात तसे किरणोत्सारी अणू विरून हॅफ्नियम हा दुसराच धातू होतात, साधे मात्र तेवढेच राहतात. आठवड्यानंतर तेवढाच किरणोत्सार हवा असेल तर दुप्पट धातू घालावा लागतो, डोटाटेटही जास्त लागतं, आणि ट्यूमरवरच्या मोजक्या रिसेप्टरपाशी गर्दी होते. म्हणून शिळं ल्युटेशियम नुसतं कमजोर नसतं, त्याचा दर्जाही उतरलेला असतो.

हे ल्युटेशियम बनतं कसं ते बघा, म्हणजे तारखा का हलतात ते कळेल. निसर्गातल्या ल्युटेशियममध्ये १७६ या वजनाचे अणू फक्त २.६ टक्के असतात. म्हणून १७६ चं प्रमाण मुद्दाम वाढवलेला ल्युटेशियम ऑक्साइड घेतात, आणि असा संवर्धित माल जगात मोजक्याच ठिकाणी बनतो. तो आम्लात विरघळवून, क्वार्ट्झच्या बारीक नळीत सुकवून नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करतात. ती नळी अॅल्युमिनियमच्या डबीत जाते आणि डबी दाबाने सील होते. मग डबी ध्रुव अणुभट्टीत उतरते. १०० मेगावॅटची ध्रुव ८ ऑगस्ट १९८५ ला पहिल्यांदा क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यातली अणुविखंडनाची साखळी स्वतःहून चालू लागली. नैसर्गिक युरेनियमचं इंधन आणि जड पाणी अशी तिची रचना आहे, आणि तिच्यात दर सेकंदाला दर चौरस सेंटिमीटरमधून १० चा चौदावा घात इतक्या प्रमाणात न्यूट्रॉन जातात.

ल्युटेशियम-१७६ न्यूट्रॉनच्या बाबतीत अतिशय हावरं आहे. न्यूट्रॉन पकडण्याचं सामर्थ्य बार्न या एककात मोजतात. ल्युटेशियम-१७६ चं २,००० बार्नच्या वर आहे, कोबाल्ट-५९ चं ३७ आणि मॉलिब्डेनम-९८ चं फक्त ०.१३. म्हणून मध्यम ताकदीच्या अणुभट्टीतही चांगल्या दर्जाचं ल्युटेशियम-१७७ मिळू शकतं. आपल्यासारख्या देशासाठी हे मोठं भाग्य आहे आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या रेडिओरसायनशास्त्रज्ञांनी ते फार लवकर हेरलं.

डबी साधारण दोन-तीन आठवडे आत राहते. त्याहून जास्त ठेवून विशेष लाभ नाही. एका अर्धायुष्यात कमाल पातळीच्या निम्मा किरणोत्सार जमतो, दुसऱ्यात पाऊण होतो, पुढे वाढ मंदावते, आणि ल्युटेशियमच्या बाबतीत तर मूळ १७६ चे अणूही झपाट्याने खर्च होत असतात. बाहेर काढलेली डबी हॉट सेलमध्ये जाते. जाड शिशाच्या भिंती, शिशाच्या काचेची खिडकी, आणि बाहेर उभं राहून लांब हातांनी आत काम. तिथे नळी फोडून पावडर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात कोमट करून विरघळवतात, गाळतात, शुद्धता तपासतात. वितरण वाशीच्या ब्रिटमार्फत होतं. विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ हे तिचं पूर्ण नाव, स्थापना १९८९ ची. काही हॉस्पिटलांना तयार इंजेक्शन जातं, काहींना ल्युटेशियम क्लोराइड जातं आणि पुढचं काम आम्ही करतो.

ते काम असं. पॅकेज आलं की आधी पृष्ठभागावरचा किरणोत्सार मोजायचा, ओल्या कापसाने पुसून कुठे सांडलेलं नाही ना ते बघायचं. मग शिशाच्या भांड्यातली बाटली चिमट्याने डोस कॅलिब्रेटरमध्ये. लेबलवर मिलिक्युरीसोबत तारीख आणि वेळ छापलेली असते, त्यावरून आत्ता किती असायला हवेत ते काढून ताडून बघायचं. डोटाटेट, आम्लता साडेचार-पाचच्या आसपास राखणारं बफर, आणि किरणांनी रेणू मोडू नये म्हणून जेंटिसिक किंवा अॅस्कॉर्बिक आम्ल. ९० ते ९५ अंशांना अर्धा तास. या अर्ध्या तासात सगळा जीव टांगणीला असतो, कारण द्रावणात लोह, तांबं किंवा जस्ताचा नुसता लवलेश असला तरी ते ल्युटेशियमची जागा बळकावतात. त्यासाठी आम्ही धातूचा चमचासुद्धा जवळ येऊ देत नाही. शेवटी कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून किती टक्के ल्युटेशियम रेणूत बसलं ते मोजायचं. ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर डोस रुग्णाकडे जात नाही. तिकडे रुग्ण उपाशी पोटी बसलेला असतो, मूत्रपिंडांच्या संरक्षणासाठी लायसिन-आर्जिनिनची सलाईन लावायची तयारी झालेली असते, आणि तरीही नाही म्हणावं लागतं. तारीख पुढे जाण्याचं हेही एक कारण असतं आणि अशा वेळी पुढे गेलेली तारीख ही रुग्णाच्या भल्याचीच असते.

आता "रिअ‍ॅक्टरकडून माल आला नाही" याचा अर्थ. संशोधन अणुभट्टी कायम चालू नसते. इंधन बदलायला, देखभालीला, तपासणीला ती ठरवून बंद करतात. एखादं उपकरण सुरक्षेच्या मर्यादेबाहेर गेलं तर आपोआप बंद पडते आणि पडायलाच हवी. दुसरी अणुभट्टी हाताशी असेल तर डबी तिकडे घालता येते. नसेल तर घोडं तिथेच अडतं. ट्रॉम्बेत एके काळी १९५६ ची अप्सरा, १९६० ची ४० मेगावॅटची सायरस आणि ध्रुव अशा तिघी होत्या. मूळ अप्सरा थांबली, सायरस ३१ डिसेंबर २०१० ला कायमची बंद झाली, आणि १० सप्टेंबर २०१८ ला २ मेगावॅटची नवी अप्सरा सुरू होईपर्यंत वैद्यकीय समस्थानिकांचा, म्हणजे ल्युटेशियम-१७७ सारख्या औषधी किरणोत्सारी अणूंचा, मोठा भार ध्रुवने वाहिला. अप्सराचा हातभार आहे, पण ताकदीत ती ध्रुवची जागा घेऊ शकत नाही. एवढ्या मोठ्या देशाच्या कर्करुग्णांसाठी हा एका खांबावरचा तंबू आहे आणि ती अणुभट्टी आता चाळिशी पार करून पुढे गेली आहे.

हे दुखणं फक्त आपलं नाही. मे २००९ मध्ये कॅनडातल्या चॉक रिव्हरची एनआरयू अणुभट्टी जड पाण्याच्या गळतीमुळे बंद पडली ती थेट ऑगस्ट २०१० मध्ये सुरू झाली. मधेच फेब्रुवारी २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या पेटनची अणुभट्टीही दुरुस्तीला गेली. जगाच्या मॉलिब्डेनम-९९ चा मोठा वाटा या दोघींचा होता. मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य ६६ तास, त्यापासून मिळणाऱ्या टेक्नेशियम-९९एम चं सहा तास, आणि हाडांत कर्करोग पसरला आहे का हे बघणारे बोन स्कॅन याच टेक्नेशियमवर चालतात. जगभर स्कॅन पुढे ढकलले गेले. २०२२ च्या सुरुवातीला पेटनमध्ये पुन्हा पाण्याची गळती सापडली आणि पुन्हा तोच प्रकार. एनआरयू तर ३१ मार्च २०१८ ला कायमची बंद झाली. श्रीमंत देशांच्या तोंडचंही पाणी पळतं, कारण हा माल गोदामात भरून ठेवताच येत नाही.

पालघर जिल्ह्यात तारापूरला वीज बनवणाऱ्या अणुभट्ट्या आहेत, तिथे का नाही बनवत, असं अनेकजण विचारतात. वीज अणुभट्टीचं काम महिनोन्‌महिने अखंड चालणं. दर आठवड्याला डबी आत-बाहेर करण्याची सोय तिच्या रचनेत सहसा नसते. जो माल वर्षानुवर्षं आत राहिला तरी चालतो तो तिथे बनतो. कोबाल्ट-६० हे त्याचं उत्तम उदाहरण: अर्धायुष्य ५.२७ वर्षं, राजस्थानात रावतभाट्याच्या वीज अणुभट्टीत कोबाल्टच्या कांड्या ठेवून ते तयार होतं, आणि त्यावर भाभाट्रॉनसारखी टेलिकोबाल्ट यंत्रं (बाहेरून रेडिएशन देणारी) चालतात. कॅनडाने मात्र वाट काढली. ब्रूसच्या वीज अणुभट्टीत चालू स्थितीत लक्ष्य, म्हणजे न्यूट्रॉन द्यायचा माल, आत-बाहेर करणारी यंत्रणा बसवून २०२२ पासून तिथे ल्युटेशियम-१७७ बनवतात. ती अणुभट्टी जड पाण्याच्या जातीची आहे आणि आपल्या बहुतेक वीज अणुभट्ट्या त्याच घराण्यातल्या आहेत. आपल्याकडे या दिशेने जोर लावायला हवा असं माझं ठाम मत आहे. मे २०२० मध्ये केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी वैद्यकीय समस्थानिकांसाठी खासगी भागीदारीतून संशोधन अणुभट्टी उभारण्याची घोषणा केली होती. ती उभी राहणं ही कर्करुग्णांची गरज आहे, आणि कर्करोगाच्या हॉस्पिटलांच्या यादीत अशा अणुभट्टीचाही विचार व्हायला हवा. आपण नव्या यंत्रांच्या उद्घाटनाला टाळ्या वाजवतो, पण त्या यंत्रात घालायचा डोस कुठून येणार हे क्वचित विचारतो.

परदेशी ल्युटेशियमचं म्हणाल, तर फरक खरा आहे. दुसरी पद्धत अशी की इटर्बियम-१७६ ला न्यूट्रॉन देऊन इटर्बियम-१७७ करायचं, ते लगेच विरून ल्युटेशियम-१७७ होतं, आणि मग रसायनाने ल्युटेशियम वेगळं काढायचं. त्यात साधे ल्युटेशियम अणू जवळपास नसतात. एका मिलिग्रॅममागे सैद्धांतिक कमाल ११० क्युरी, त्याच्या बरंच जवळ ते जातं. ध्रुवचं थेट पद्धतीचं, म्हणजे ल्युटेशियम-१७६ लाच न्यूट्रॉन देऊन केलेलं, ल्युटेशियम याच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं असतं. शिवाय थेट पद्धतीत ल्युटेशियम-१७७एम या जास्त टिकणाऱ्या रूपाची अगदी थोडी भेसळ होते, तिचं अर्धायुष्य १६० दिवस. पण बाबांना त्याने काय फरक पडतो? वर सांगितलं तसे दहा मायक्रोग्रॅम धातू दीडदोनशे मायक्रोग्रॅम डोटाटेटमध्ये आरामात बसतात. ताज्या मालावर ९५ टक्क्यांच्या वर लेबलिंग होतं, म्हणजे ल्युटेशियम रेणूत बसतं, आणि ट्यूमरपर्यंत ते पोहोचतं हे थेरपीनंतरच्या स्कॅनमध्ये आम्ही डोळ्यांनी बघतो, कारण ल्युटेशियम मारक बीटा किरणांसोबत कॅमेऱ्याला दिसणारे गॅमा किरणही सोडतं. १७७एम चा त्रास मुख्यतः आमच्या कचऱ्याला होतो, तो जास्त काळ सांभाळावा लागतो. रिसेप्टर फारच कमी असलेल्या लक्ष्यांसाठी किंवा अँटीबॉडीवर चढवायला दुसऱ्या पद्धतीचं ल्युटेशियम सरस ठरतं. डोटाटेटसाठी कर्ज काढून, दागिने मोडून परदेशी मालाच्या मागे लागू नका. आणि तेही विमानाने येतं, रोज दहा टक्के तेही कमी होतं, उड्डाण चुकलं की त्याचीही तारीख जाते.

बाकी समस्थानिकांबद्दल थोडक्यात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात आतून जे रेडिएशन देतात ते बहुतेक ठिकाणी अणुभट्टीत बनलेल्या इरिडियम-१९२ चं, अर्धायुष्य ७४ दिवस, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी यंत्रातला स्रोत बदलावा लागतो. डोळ्यातल्या ट्यूमरसाठी रुथेनियम-१०६ च्या चकत्या भाभा केंद्र बनवतं, आणि ते रुथेनियम येतं वापरून झालेल्या अणुइंधनाच्या कचऱ्यातून. मला हे काम अतिशय मोलाचं वाटतं. जो कचरा पुरायचा कुठे याची चिंता असते, त्यातून एखाद्याचा डोळा वाचतो.

थायरॉइड कर्करोगाचं आयोडीन-१३१ तर यातलं सर्वांत जुनं. टेल्युरियम डायऑक्साइडला न्यूट्रॉन द्यायचे, मग सातशे अंशांच्या वर तापवून वाफ होणारं आयोडीन अल्कलीत पकडायचं. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून हे काम चालू आहे आणि देशभरातल्या डॉक्टरांच्या कैक पिढ्या तिथे शिकल्या. आयोडीनच्या रुग्णांना तारीख हलली तर तुमच्या बाबांपेक्षा जास्त सोसावं लागतं. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) वाढावं म्हणून त्यांची थायरॉक्सिनची गोळी तीन-चार आठवडे बंद असते. सुज, थकवा, थंडी, मन खचणं, या अवस्थेत आणखी एक आठवडा काढायचा म्हणजे काय ते त्यांनाच विचारावं. पुरवठा कमी असतो तेव्हा आम्ही आधी या रुग्णांचं नाव पुढे घेतो. एखाद्या वेळी बाबांची तारीख अशा कारणाने मागे गेली तर समजून घ्या.

राहिला नातू. ल्युटेशियमच्या बीटा किरणांची धाव शरीरात जेमतेम दोन मिलिमीटर, ते बाबांच्या बाहेर येत नाहीत. गॅमा किरण थोडे येतात. पहिल्या २४ तासांत निम्म्याहून जास्त औषध लघवीवाटे निघून जातं. म्हणून भरपूर पाणी, बसून लघवी, दोनदा फ्लश, हात स्वच्छ धुणं, आणि शक्य असेल तर पहिले काही दिवस वेगळा संडास. नातवाला मांडीवर घेणं, शेजारी झोपवणं हॉस्पिटल सांगेल तितके दिवस टाळा, घरात कुणी गरोदर असेल तर तिच्यासाठीही तेच. एकाच घरात राहायला, दोन हात लांबून गप्पा मारायला काही हरकत नाही. जेवणाची ताटं नेहमीसारखी धुतली की झालं. कपडे, चादर पहिले काही दिवस वेगळी धुवा.

आणि नाशिकहून मुंबईला येणं-जाणं असेल, पुढे कधी विमानप्रवास असेल, तर डिस्चार्जच्या वेळी थेरपीचं पत्र मागून घ्या आणि सोबत ठेवा. त्यावर औषधाचं नाव, दिलेले मिलिक्युरी आणि तारीख असते. विमानतळावरचे किरणोत्सार शोधणारे यंत्र डोसनंतर काही आठवडे, कधी त्याहून जास्त काळही वाजू शकतात. पत्र दाखवलं की सुरक्षा कर्मचारी खात्री करून पुढे सोडतात. पहिल्या सायकलचं पत्र हॉस्पिटलने दिलं नसेल तर या खेपेला दोन्ही सायकलींचं एकत्र मागा, पुढच्या डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होतो.